पासपोर्ट आपल्याच हातात
बँकॉकला निघालेल्या मैत्रिणींसाठी चार गोष्टी



गेल्या काही महिन्यांत आपल्या गटांकडून एकच विचारणा वेगवेगळ्या शब्दांत येते आहे. एका गटाने विचारलं, "तीन वर्षं महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकले, आता टूरवाला बँकॉकला नेतो म्हणतोय, जावं का?" दुसऱ्या ताईंचा प्रश्न होता, "आम्हाला इंग्रजी येत नाही, तिथे चुकामूक झाली तर काय करायचं?" आणि एका आईने विचारलं, "मुलाला बँकॉकमध्ये नोकरी देतायत, तिकीटही तेच काढतायत, पाठवू का?"

आज या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतो. आम्ही नऊ जणी बँकॉकला सहा दिवस राहून आलो. आमच्यातल्या चौघी सातवीच्या पुढे शिकलेल्या नाहीत आणि दोघी साठीच्या पुढच्या आहेत. तेव्हा जे सांगतो ते आपल्यासारख्या बायकांना जमण्यासारखंच सांगतो.

मुद्द्याची गोष्ट आधी. परदेशात चार गोष्टी दुसऱ्याच्या हातात द्यायच्या नाहीत: आपला पासपोर्ट, आपले पैसे, मुक्कामाचा पत्ता आणि 'नको' म्हणायचा हक्क. या चार गोष्टी आपल्याजवळ असल्या की भाषा आली नाही तरी निभतं.

निघण्याआधी

पहिलं काम पासपोर्टचं. आता बऱ्याच जिल्ह्यांच्या ठिकाणी पोस्टातही पासपोर्टचं केंद्र असतं, मुंबई-पुण्याला जावं लागेलच असं नाही. आपल्या बायकांची अडचण असते ती नावाची. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. पासपोर्टसाठी लग्नाचा दाखला द्यायलाच हवा ही अट २०१६ च्या डिसेंबरात काढली गेली, पण कागदांवरची नावं जुळलीच पाहिजेत. आधी आधार नीट करून घ्या, मग अर्ज भरा. आणि विमानाचं तिकीट काढताना पासपोर्टवर जसं नाव आहे, अक्षर न् अक्षर तसंच टाकायला सांगा. थायलंडमध्ये पोहोचाल त्या दिवसापासून पुढे निदान सहा महिने पासपोर्टची मुदत शिल्लक हवी.

दुसरी गोष्ट फार कमी जणींना माहीत असते. दहावी पास नसलेल्या आणि पन्नाशीच्या आतल्या माणसाला बहुतेक वेळा 'ईसीआर' शेऱ्याचा पासपोर्ट मिळतो. याचा अर्थ, ठराविक देशांत कामासाठी जायचं असेल तर आधी सरकारची परवानगी घ्यावी लागते. अशा १८ देशांच्या यादीत थायलंड आहे. हा शेरा पाहून घाबरू नका. फिरायला जाणाऱ्या बाईला ती परवानगी लागत नाही. पण मुंबईच्या विमानतळावर तुम्हाला दोन प्रश्न जास्त विचारतील. म्हणून परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि टूरची पावती छापून पर्समध्ये ठेवा. मोबाईलमध्ये आहे म्हणाल, आणि नेमकी तेव्हाच बॅटरी संपेल. विचारलं की सरळ सांगायचं, "फिरायला चाललोय, अमुक तारखेला परत येणार."

व्हिसाचं म्हणाल तर, फिरायला येणाऱ्या भारतीयांना थायलंडने २०२४ च्या जुलैपासून व्हिसाशिवाय ६० दिवसांपर्यंत राहायची मुभा दिली. पण असे नियम तिथलं सरकार बदलत असतं. म्हणून तिकिटाचे पैसे भरण्याआधी थायलंडच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर सध्याचा नियम पाहून घ्या. घरात कॉलेजला जाणारी लेक असेल तर हे काम तिला सांगा. मे २०२५ पासून आणखी एक फॉर्म आला आहे. थायलंडला पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत तो मोबाईलवर भरायचा असतो. हा फॉर्म फुकट आहे. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या खोट्या साइटी पैसे मागतात, तिथे कार्डाचा नंबर टाकू नका.

आता टूरवाल्याची गोष्ट. पैसे भरण्याआधी गटाच्या बैठकीत त्याला बोलवा आणि सगळ्यांसमोर विचारा. किती जेवणं धरली आहेत? विमानतळ ते हॉटेल गाडी आहे का? देवळांची आणि राजवाड्याची तिकिटं धरली आहेत की तिथे जाऊन वेगळी काढायची? एका खोलीत किती जणी? वाटेत दुकानांना थांबे किती? रात्रीचे 'शो' दाखवणार असाल तर ते कसले आहेत? पाच दिवसांच्या टूरमध्ये बहुतेक वेळा दोन रात्री पट्टायाला आणि दोनच बँकॉकला असतात, तेही विचारून घ्या. जे ठरेल ते कागदावर लिहून, सहीशिक्क्यानिशी घ्या. परदेशी टूरच्या पैशांवर 'टीसीएस' नावाचा कर कापतात. तो तुमच्या पॅन नंबरवर भरल्याची पावती मागा. आयकराचं विवरणपत्र भरलं की तो परत मागता येतो किंवा देण्याच्या करातून वळता होतो. बऱ्याच बायका हे पैसे सोडून देतात, कारण त्यांना कोणी सांगतच नाही.

पैशाचा हिशेब

थायलंडचं नाणं बाहत. एका बाहतला आपले साधारण अडीच ते तीन रुपये पडतात, भाव रोज थोडा हलतो. आम्ही सोपी युक्ती केली. किंमत दिसली की तिची तिप्पट करायची. साठ बाहतची भाताची थाळी म्हणजे एकशेऐंशी रुपये धरायचे. खरा खर्च त्याहून थोडा कमीच होतो, म्हणजे हिशेब कधी अंगावर येत नाही.

नोटा रंगाने ओळखा. हिरवी वीसची, निळी पन्नासची, लाल शंभरची, जांभळी पाचशेची आणि तपकिरी हजारची. नोटांवर आपल्यासारखेच आकडेही छापलेले असतात, त्यामुळे फसगत होत नाही. आपल्याकडे दुकानात मोबाईल दाखवून पैसे देतो, तसं तिथे चालेल असं धरून जाऊ नका. रोख बाहत इथूनच परवानाधारक दुकानातून घ्या, पावतीसकट. कार्ड नेणार असाल तर परदेशात चालण्यासाठी बँकेत जाऊन ते सुरू करून घ्या. तिथल्या एटीएममधून पैसे काढले तर दर वेळी दोनशे बाहतांहून जास्त जादा आकार पडतो, म्हणून सारखे थोडे थोडे काढू नका.

पैसे तीन ठिकाणी ठेवा. रोजचे पर्समध्ये, बाकीचे कंबरेच्या पिशवीत, आणि अडीअडचणीचे सामानात कुलपाखाली. दागिने घरी ठेवा. मंगळसूत्र साधं घाला. परतताना सोनं आणायचा विचार करणाऱ्यांना सांगतो, सोन्याच्या दागिन्यांची सूट वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून आलेल्यांना असते. आठवडाभर फिरून आलेल्या बाईला ती नाही.

पिशवी भरताना

शेंगदाण्याचे लाडू, चटणी, दशम्या, चिवडा खुशाल न्या. लोणचं मोठ्या बॅगेत, नीट बांधून. हातातल्या पिशवीत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी तेलाची किंवा पाण्याची बाटली चालत नाही. अडकित्ता, सुरी, कात्री हातातल्या पिशवीत सापडली की काढून घेतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नका, खोबरं पेट घेतं म्हणून विमान कंपन्या हरकत घेतात. मोबाईलची पॉवर बँक मात्र हातातल्याच पिशवीत हवी, मोठ्या बॅगेत नको. मशेरीची डबी घरी राहू द्या. परदेशातल्या अधिकाऱ्याला ती काळी पूड काय आहे हे समजावत बसण्यात कुणाला हौस आहे?

बीपी, साखर, थायरॉईड यांच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या आणि दोन दिवस जास्तीच्या घ्या. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत, आणि सगळं हातातल्या पिशवीत.

पोहोचल्यावर

मुंबईहून विमान साधारण साडेचार तासांत पोहोचतं. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असतं. मोठ्या विमानतळाचं नाव ऐकून तुम्हाला बरं वाटेल, सुवर्णभूमी. परतताना आत बघा, देव-दानव वासुकीची दोरी ओढतायत असं समुद्रमंथनाचं भलं मोठं शिल्प आहे. शहरात दुसराही एक विमानतळ आहे, डॉन मुआंग. आपलं येण्याचं आणि जाण्याचं विमान कोणत्या विमानतळाचं, हे कागदावर लिहून ठेवा. दोन्ही दोन टोकांना आहेत.

पासपोर्टवर शिक्का बसला की तो परत आपल्याच पिशवीत. आमच्या बसमध्ये बसल्या बसल्या एकाने म्हटलं, "सगळ्यांचे पासपोर्ट द्या, हरवायला नकोत, मी सांभाळतो." आम्ही म्हटलं, "दादा, आमचे आम्ही सांभाळतो." हॉटेलवाला नोंदणीसाठी पासपोर्ट मागतो, तो समोर उभं राहून नोंद करून घ्यायचा आणि लगेच परत घ्यायचा. टूरवाला, गाइड, दुकानदार, भाड्याने गाडी देणारा, कुणाकडेही तो तारण म्हणून ठेवायचा नाही. त्याच्या दोन झेरॉक्स काढा. एक बॅगेत ठेवा, दुसरी मैत्रिणीकडे. घरीही एक ठेवून जा.

हॉटेलात शिरल्यावर पहिलं काम, तिथलं कार्ड मागून घ्या, थाई लिपीत पत्ता असलेलं. प्रत्येकीच्या पर्समध्ये एक. इथे तुमच्या मनातली भीती काढून टाकतो. इंग्रजी येत नाही म्हणून आपण बिचकतो. पण थायलंडवर इंग्रजांचं राज्य कधीच नव्हतं. तिथल्या टॅक्सीवाल्याला, भाजीवालीला, देवळाच्या दारातल्या माणसालाही इंग्रजी बेताचंच येतं. आपण दोघेही सारखेच. थाई अक्षरातलं कार्ड दाखवलं की तो मान हलवतो आणि गाडी सुरू होते. मोबाईलमध्ये भाषांतराचं अ‍ॅप घेऊन ठेवा. मराठीत बोललेलं ते थाई अक्षरांत करून दाखवतं. वाक्य लहान बोला. "स्टेशन कुठे आहे?" एवढंच. "अहो दादा, आम्हाला जरा त्या स्टेशनाकडं" असं म्हटलं की अ‍ॅप गोंधळतं.

चार शब्द पाठ करून जा. नमस्काराला 'सवादी खा', आपल्या 'स्वस्ति'तूनच आलेला शब्द आहे तो. आभाराला 'खोप खुन खा'. किंमत विचारायला 'थाओ राय'. आणि तिखट नको असेल तर 'माय फेत'. शेवटचा 'खा' बायकांनी लावायचा असतो, पुरुष 'ख्रप' म्हणतात. हात जोडून म्हटलं की समोरचीही हात जोडते.

शहरात फिरताना

वारीत आपण काय करतो? दिंडीचा नंबर पाठ, मुक्काम पाठ, आणि चुकलं तर कुठे थांबायचं ते आधी ठरलेलं. बँकॉकमध्येही अगदी तेच. आम्ही दोघी-दोघींच्या जोड्या केल्या, एका गटात तिघी. कुठेही उतरलो की आधी एक खूण ठरवायची, "चुकलो तर या दारापाशी यायचं, दुसरीकडे शोधत फिरायचं नाही."

टॅक्सी करायची तर मीटरवर. बसताना 'मीटर' एवढा शब्द पुरतो. आकडा ३५ बाहतपासून सुरू होतो. विमानतळावरच्या रांगेतून घेतली तर वर ५० बाहत आणि रस्त्याचा टोल आपण द्यायचा असतो. मीटर टाकत नाही म्हणाला तर उतरा, मागे दुसरी उभीच असते. टुकटुक म्हणजे त्यांची रिक्षा, तिला मीटर नसतं, भाव आधी ठरवायचा.

गर्दीच्या वेळी रस्ते तुंबतात. तेव्हा वरून धावणारी गाडी, बीटीएस, आणि जमिनीखालची एमआरटी बरी. विमानतळापासून शहरात फाया थाय स्टेशनापर्यंत थेट रेल्वे आहे, तिचं जास्तीत जास्त तिकीट ४५ बाहत आणि वेळ अर्ध्या तासाच्या आत. आम्हाला सगळ्यात आवडली ती चाओ फ्राया नदीतली बोट. केशरी झेंड्याची बोट ही तिथल्या रोजच्या लोकांची, स्वस्त आणि बरीचशी महत्त्वाची देवळं त्याच काठाला. बीटीएसच्या सफान ताक्सिन स्टेशनाखालीच सातोर्न धक्का आहे, तिथून बसायचं. बोटीत, बसमध्ये भिक्षूंसाठी राखीव जागा असते, तिथे बसू नका.

रस्ता ओलांडताना गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, एवढी एक सोय आहे. केशरी जॅकेटवाल्या मोटारसायकलवर मागे बसून जाणारे खूप दिसतील, पण हेल्मेटशिवाय आणि साडीवर तो धोका घेऊ नका.

एक फसवणूक फार जुनी आहे. राजवाड्याबाहेर नीटनेटका माणूस भेटतो आणि गोड बोलून सांगतो, "आज राजवाडा बंद आहे, मी दुसरी देवळं दाखवतो, टुकटुक फक्त वीस बाहत." मग टुकटुक एखाद्या देवळावरून थेट हिऱ्या-माणकांच्या दुकानात जाते. दुकानदार म्हणतो, हे खडे इंडियात दुप्पट भावाने विकाल. कुणी विकत नाही, कुणी दुप्पट देत नाही. बाहेरच्याच्या बोलण्यावर जाऊ नका, तिकीट खिडकीपर्यंत चालत जा. राजवाडा सकाळी साडेआठला उघडतो आणि दुपारी साडेतीनपर्यंत तिकीट मिळतं.

देवळं आणि बाजार

देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आपली साडी, पंजाबी ड्रेस उत्तम, फक्त पदर दोन्ही खांद्यांवरून घ्या. चपला बाहेर. बुद्धाच्या मूर्तीकडे पाय करून बसायचं नाही. भिक्षूंना बाईने स्पर्श करायचा नाही, वस्तू थेट त्यांच्या हातात द्यायची नाही, हा तिथला रिवाज आहे. वाट फोच्या देवळात ४६ मीटर लांबीची पहुडलेली बुद्धमूर्ती आहे. राजवाड्याच्या आवारातल्या पाचूच्या बुद्धाच्या देवळात भिंतभर रामायण रंगवलेलं आहे, त्यांचं रामकियन. हनुमान लगेच ओळखता येतो. चित लोम स्टेशनाजवळ चौकातच चार तोंडांच्या ब्रह्मदेवाचं एरावन देऊळ आहे, १९५६ सालचं. तिथे झेंडूच्या माळांचा ढीग पडलेला असतो.

राजा आणि राजघराणं यांच्याबद्दल चेष्टेनेही वाईट बोलू नका, मोबाईलवर लिहू नका. तिथल्या कायद्यात त्याला १५ वर्षांपर्यंत कैद आहे. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला स्टेशनात, बागेत राष्ट्रगीत लागतं. सगळे थांबले की आपणही थांबायचं.

बाजारात आपल्या बायकांना काय पाहायचं? पाक ख्लोंग तलात, फुलांचा बाजार, रात्रंदिवस चालतो. रात्री उशिरा माल उतरतो तेव्हा जा. झेंडू, मोगरा, कमळं, आणि हो, रुईची फुलं. आपण शनिवारी मारुतीला वाहतो ती रुई, तिथे मोगऱ्याबरोबर हारात गुंफतात. बायका जमिनीवर बसून लांब सुईने इतके बारीक हार ओवतात की आमच्यातली फुलांचा धंदा करणारी मैत्रीण तासभर तिथून हलेना. खुणेनेच तिने एक गाठ शिकून घेतली. कपडे विकणाऱ्या, शिवणाऱ्या मैत्रिणींनी प्रतुनामचा कपडा बाजार पाहावा. एकाच दुकानात तीन नग घेतले की बरेच जण घाऊक भाव लावतात. आणि शनिवार-रविवार गाठता आला तर चतुचक बाजार, बीटीएसचं मो चित स्टेशन. तिथे गल्ल्यांना नंबर आहेत, आपण कुठून शिरलो तो नंबर लिहून ठेवा.

खाणं-पिणं

पिण्याचं पाणी बाटलीचंच, नळाचं नाही. शाकाहारी मैत्रिणींनी लक्ष द्या. तिथे भाजीतही माशाचा रस्सा पडतो, त्याला 'नाम प्ला' म्हणतात. नुसतं 'व्हेज' सांगून भागत नाही. 'जे' हा शब्द सांगा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षर, ते 'जे'चं दुकान, तिथे मांस, मासे, अंडी, कांदा-लसूणही नसतो. मांसाहार करणाऱ्यांसाठी, 'काय' म्हणजे कोंबडी, 'मू' म्हणजे डुक्कर, 'नुआ' म्हणजे गोमांस. घरच्या जेवणाची आठवण आली तर फाहुरात भागात आपल्या लोकांची वस्ती आहे, तिथल्या गुरुद्वारात लंगरही असतो.

बऱ्याच ठिकाणच्या संडासात पाण्याचा फवारा असतो, त्यामुळे आपली गैरसोय होत नाही. विचारायचं तर 'होंग नाम' म्हणायचं. काही देवळांत, बाजारांत दोन-पाच बाहत द्यावे लागतात, सुटी नाणी ठेवा. पॅड कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात.

मार्च ते मे उकाडा मरणाचा, मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस. शेतीची कामं सांभाळून जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं.

अडचण आली तर

हे नंबर मोबाईलमध्ये नाही, वहीत लिहून घ्या. पर्यटकांसाठीचे पोलीस ११५५. रुग्णवाहिका १६६९. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसात तक्रार लिहून तिची प्रत घ्यायची, मग भारताच्या दूतावासात जायचं. दूतावास सुखुमवित रस्त्याच्या २३ नंबरच्या गल्लीत आहे. तिथे घरी परतण्यापुरता कागद देतात. अशा वेळी झेरॉक्स असली की काम लवकर होतं.

दुसऱ्याची पिशवी

आता जे सांगतो ते नीट ऐका, कारण यात आयुष्य जातं. परतताना विमानतळावर कुणी म्हणेल, "मावशी, माझं वजन जास्त झालंय, एवढी चॉकलेटची पिशवी मुंबईपर्यंत न्या ना." किंवा इथेच कुणी म्हणेल, "तुमचं तिकीट मी काढतो, येताना फक्त एक बॅग आणायची." नाही म्हणा. ओळखीचा असला तरी नाही म्हणा. बँकॉकहून येणाऱ्या सामानात खाऊच्या पाकिटांमध्ये लपवलेला गांजा मुंबईच्या विमानतळावर वारंवार पकडला जातो. थायलंडमध्ये २०२२ पासून गांजाची दुकानं उघडी दिसत होती, पुढे तिथेही बंधनं आली. पण आपल्या देशात तो आणणं गुन्हाच. माल मोठ्या प्रमाणात असेल तर १० ते २० वर्षांची सक्तमजुरी. बॅग ज्याच्या हातात, गुन्हा त्याच्या नावावर. "मला माहीत नव्हतं" हे कोर्टात सिद्ध करण्यात वर्षं जातात, आणि तोवर घरची पोरं कुणाच्या दारात? आपली बॅग आपणच भरायची, आपणच कुलूप लावायचं, आणि नजरेआड होऊ द्यायची नाही.

मुलाला नोकरी

शेवटी त्या आईच्या प्रश्नाकडे येतो. "डेटा एन्ट्रीचं काम, लाखाच्या घरात पगार, तिकीट कंपनीचं, आत्ता फिरायला म्हणून या, व्हिसाचं नंतर बघू." हे शब्द ऐकले की थांबा. फिरायला म्हणून गेलेल्या माणसाला थायलंडमध्ये काम करता येत नाही. त्यासाठी वेगळा व्हिसा आणि कामाचा परवाना लागतो. अशी किती तरी मुलं बँकॉकच्या विमानतळावर उतरली, तिथून गाडीने माई सोत या सीमेवरच्या गावी नेली गेली, आणि नदीपलीकडे म्यानमारमधल्या म्यावाडी भागात कोंडली गेली. पासपोर्ट काढून घेतले. दिवसरात्र मोबाईल-संगणकावर लोकांना फसवण्याचं काम करायला लावलं, नकार दिला तर मार. आपल्या सरकारने २०२२ मध्येच याबद्दल सावध केलं होतं. मार्च २०२५ मध्ये वायुदलाच्या विमानांनी माई सोतहून पाचशेहून जास्त भारतीयांना परत आणलं. अशा जाळ्यात शिकलेली मुलंही अडकतात.

म्हणून त्या आईला आमचं सांगणं असं. एजंटचा परवाना नंबर मागा आणि सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तो आहे का ते पाहा. नोकरीचं पत्र, कंपनीचा पत्ता आणि कामाचा व्हिसा हातात आल्याशिवाय मुलाला निघू देऊ नका. शंका असेल तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राच्या १८०० ११ ३०९० या फुकट नंबरवर विचारा. घाई करणाऱ्या एजंटला सांगा, "आमच्या गटात विचारून कळवते." खरं काम असेल तर ते चार दिवस थांबतं.

मैत्रिणींनो, पहिल्या प्रश्नाचं उत्तर मग काय? जावं का? जरूर जावं. कष्टाने जमवलेल्या पैशातून नदीवरच्या बोटीत बसून वारा खाणं हा आपलाही हक्क आहे. फक्त येत्या बैठकीत वहीचं एक पान त्यासाठी ठेवा. वर चार शब्द लिहा: पासपोर्ट, पैसे, पत्ता, नको. प्रत्येकीने मोठ्याने सांगायचं की या चार गोष्टी ती कशी सांभाळणार. "मला जमणार नाही" असं जी म्हणेल, तिची जोडी त्याच बैठकीत ठरवून टाका. ज्या गटात मुलाच्या किंवा लेकीच्या परदेशी नोकरीचा विषय आहे, त्यांनी एजंटचे कागद बैठकीत आणून सगळ्यांना दाखवावेत. दहा जणींच्या नजरेतून खोटा कागद सहसा सुटत नाही.

तुमचे आणखी प्रश्न असतील तर गटाच्या अध्यक्षांकडे लिहून द्या, पुढच्या वेळी घेऊ.